ब्रिटिश रेल्वेचा इतिहास वाचायला घेताना: विजेच्या गाड्यांच्या वाटेने

ब्रिटनमध्ये रेल्वेवरची पुस्तकं छापणं हा स्वतंत्र धंदाच आहे. एखाद्या आडगावच्या फाट्यावर, इंजिनांच्या एकेका वर्गावर, नुसत्या सिग्नलच्या खांबांवरसुद्धा जाडजूड पुस्तकं निघतात आणि ती हौसेने विकत घेणारेही असतात. नव्या वाचकाची पंचाईत इथेच होते. काय वाचायचं यापेक्षा काय सोडायचं, हे त्याला आधी ठरवावं लागतं. विजेच्या गाड्यांमध्ये रस असेल तर अडचण आणखी वाढते, कारण यातली बरीच पुस्तकं वाफेच्या प्रेमात पडलेल्या माणसांनी लिहिली आहेत. त्यांच्या लेखी वीज आली की गोष्ट संपली.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, सगळा इतिहास वाचायच्या फंदात पडू नका. एक मार्ग निवडा, त्याच्याभोवती वेगवेगळ्या जातीची तीन-चार पुस्तकं वाचा आणि प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारत राहा: पैसे कोणी घातले, आणि का घातले? ब्रायटनच्या किनाऱ्यावर माग्नुस फोल्क यांनी १८८३ मध्ये सुरू केलेली छोटी विजेची गाडी अजूनही धावते. तरीही लंडनहून ग्लासगोपर्यंत सलग विजेची गाडी जायला १९७४ साल उजाडावं लागलं. मधल्या नव्वद वर्षांत काय अडलं होतं, हे इंजिनांच्या फोटोंवरून कळत नाही. ते कळतं संचालक मंडळांच्या आणि सरकारी समित्यांच्या कागदांवरून, आणि ते कागद ज्यांनी वाचले आहेत त्यांच्या पुस्तकांवरून.

पहिली पायरी: चार वर्षं डोक्यात पक्की करा

१८३०, १९२३, १९४८, १९९४. एवढी चार लक्षात असली की कुठलंही पुस्तक उघडल्यावर आपण कुठे उभे आहोत ते समजतं.

१८२५ मध्ये स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्ग सुरू झाला खरा, पण आज आपण ज्याला रेल्वे म्हणतो तशी, म्हणजे दोन मोठ्या शहरांना जोडणारी, वेळापत्रकाने आणि इंजिनाच्या जोरावर चालणारी रेल्वे १८३० च्या लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गापासून धरतात. पुढची नव्वद वर्षं खासगी कंपन्यांची. शंभराहून जास्त कंपन्या, एकाच गावात दोघा-तिघांची वेगवेगळी स्थानकं आणि आपसात हाडवैर. १ जानेवारी १९२३ ला कायद्याने त्यांची मोट बांधून चार मोठ्या कंपन्या केल्या: लंडन मिडलँड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ ला या चारींचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज झाली. १९९४ पासून खासगीकरण.

पुस्तकांच्या नावांत ‘प्री-ग्रुपिंग’ दिसलं तर ते १९२३ च्या आधीचं आणि ‘बिग फोर’ दिसलं तर १९२३ ते १९४७ मधलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एवढ्यावरच निम्मी निवड होते.

दुसरी पायरी: एकच सर्वसाधारण इतिहास, तोही सलग

यासाठी ख्रिश्चन वोलमर यांचं ‘फायर अँड स्टीम’ पुरेसं आहे. २००७ साली आलेलं हे पुस्तक पत्रकाराच्या हातचं आहे. वाचता वाचता कंटाळा येत नाही आणि राजकारण टाळलेलं नाही. तज्ज्ञांना त्यात त्रुटी दिसतात, दिसू देत. आपल्याला आधी नकाशा हवा आहे, खाचखळगे नंतर.

सोबत हाताशी ठेवायला ‘द ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू ब्रिटिश रेल्वे हिस्टरी’. जॅक सिमन्स आणि गॉर्डन बिडल यांनी संपादित केलेला हा १९९७ चा कोश आहे. हा सलग वाचायचा नसतो. एखादं नाव अडलं की उघडायचा. पण होतं असं की एक नोंद बघायला उघडलेला कोश तासभर हातातून सुटत नाही.

सवड असेल तर तिसरं पुस्तक एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘रेड फॉर डेंजर’. १९५५ चं, रेल्वे अपघातांवरचं. विजेच्या गाड्यांशी त्याचा संबंध थोडाच, पण सिग्नल, ब्रेक, ब्लॉक पद्धत (म्हणजे मार्गाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) या गोष्टी कुणी, कधी, किती माणसं मेल्यावर आणल्या हे समजून घ्यायला याच्याइतकं वाचनीय काही नाही. या विषयातली फार थोडी पुस्तकं साहित्य म्हणून टिकली, त्यातलं हे एक.

मग थोडी परिभाषा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण चुकवलीत तर पुढे पानोपानी अडखळाल.

अंतरं मैल आणि चेनमध्ये असतात. एका मैलात ऐंशी चेन, एक चेन म्हणजे बावीस यार्ड, साधारण वीस मीटर. १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचा पैसा पौंड-शिलिंग-पेन्समध्ये: वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सचा शिलिंग. चढ ‘चाळीसात एक’ अशा भाषेत सांगतात, म्हणजे चाळीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर.

अप आणि डाऊन मुंबईकराला शिकवायला नको. सीएसएमटीकडे जाणारी गाडी अप, तशी तिकडे लंडनकडे जाणारी अप. पद्धत आली तिथूनच. फक्त मिडलँड रेल्वेवरचं पुस्तक वाचताना सावध राहा, तिथे अप म्हणजे डर्बीकडे, कारण कंपनीचं मुख्यालय डर्बीत.

वीज कशी पोचते याचे तीन प्रकार ओळखा. एक, रुळांशेजारी जमिनीलगत जाणारा तिसरा रूळ, ज्यातून ६०० ते ७५० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, मिळते. लंडनच्या दक्षिणेचं जवळजवळ सगळं जाळं असं आहे. दोन, डोक्यावरची तार आणि १५०० व्होल्ट डीसी. तीन, डोक्यावरची तार आणि २५ हजार व्होल्ट एसी (सतत दिशा बदलणारी वीज), म्हणजे आजची प्रमाण पद्धत. लंडनच्या भुयारी गाडीला चौथा रूळही असतो, पण तो तूर्त बाजूला ठेवा.

शेवटचं म्हणजे आकडे. एकाच इंजिनाला आयुष्यात तीन-तीन नंबर मिळालेले असतात: कंपनीचा, राष्ट्रीयीकरणानंतरचा आणि साठच्या दशकाच्या शेवटी आलेल्या वर्गवारीचा. ईएम-१ नावाचं इंजीन पुढच्या पुस्तकात क्लास ७६ म्हणून भेटलं तर ते दुसरं कुणी नाही. वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्या लिहीत जा.

आता मार्ग निवडा

दोन मार्ग सुचवतो. माझा स्वतःचा ओढा दुसऱ्याकडे आहे, हे तुम्हाला दिसेलच.

पहिला लंडन–ब्रायटन. इथे वीज यशस्वी झाली. १९०९ मध्ये लंडन ब्रायटन अँड साउथ कोस्ट कंपनीने उपनगरी मार्गावर डोक्यावरच्या तारेतून ६७०० व्होल्ट एसी आणली. शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्नने १९१५ मध्ये तिसरा रूळ घातला. १९२३ ला दोघी सदर्नमध्ये एकत्र आल्या. सरव्यवस्थापक हर्बर्ट वॉकर आधीच्या साउथ वेस्टर्नचे, आणि तिसऱ्या रुळाचं जाळं आधीच मोठं होतं. १९२६ मध्ये निर्णय झाला आणि १९२९ पर्यंत तारा उतरल्यासुद्धा. तंत्र म्हणून पाहिलं तर पुढारलेली पद्धत हरली आणि स्वस्त पद्धत जिंकली. १ जानेवारी १९३३ पासून ब्रायटनपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या.

बाकीच्या तीन कंपन्या जवळजवळ स्वस्थ बसलेल्या असताना एकट्या सदर्नलाच हे का सुचलं? तिच्या मुलखात कोळशाची मालवाहतूक कमी आणि रोज कामावर जाणारे प्रवासी फार. इतरांचं पोट कोळसा वाहण्यावर भरत होतं, तिचं भरत नव्हतं. जी. टी. मूडी यांचं ‘सदर्न इलेक्ट्रिक’ यासाठी मूळ पुस्तक मानलं जातं. पहिली आवृत्ती १९५७ ची, पुढे बऱ्याच निघाल्या. शैली रुक्ष आहे. तारखा, मैल, गाड्यांची संख्या. पण याच्यावाचून पुढे सरकता येत नाही. शक्य तितकी उशिराची आवृत्ती घ्या.

दुसरा मार्ग वुडहेडचा. पेनाइन डोंगर ओलांडून मँचेस्टरहून शेफील्डला जाणारा. मुंबई–पुण्याच्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण १५०० व्होल्ट डीसी, डोक्यावर तार, घाट आणि बोगदे हे सगळं त्याच्या ओळखीचं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची गाडी धावली ती याच दाबावर. मुंबईची उपनगरी सेवा या दाबावरून पूर्णपणे एसीवर आली ती २०१६ मध्ये. विजेच्या गाड्या घेऊन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९२९ मध्ये पुण्याला पोचली, तेव्हा वुडहेडवर वाफेची इंजिनं धापा टाकत होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाने सह्याद्रीत जे केलं, ते इंग्लंडच्या स्वतःच्या डोंगरात व्हायला आणखी पंचवीस वर्षं लागली.

वुडहेडचं काम लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नने १९३६ मध्ये मंजूर केलं, युद्धाने ते अडवलं आणि राष्ट्रीयीकरणानंतर ते पुन्हा हाती घेतलं गेलं. जुने दोन एकेरी बोगदे व्हिक्टोरियन काळातले, धुराने भरलेले. म्हणून तीन मैलांहून थोडा जास्त लांबीचा नवा दुहेरी बोगदा खोदला. १९५४ मध्ये तो खुला झाला आणि त्याच वर्षी मँचेस्टर–शेफील्ड विजेची प्रवासी सेवा पूर्ण झाली. यॉर्कशायरच्या खाणींतला कोळसा डोंगरापलीकडे न्यायचा, हे या मार्गाचं खरं काम. घाट उतरताना इंजिनाच्या मोटारीच जनित्र बनायच्या आणि वीज परत तारेत सोडायच्या.

आणि दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, ब्रिटिश रेल्वेने पुढच्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी ही प्रमाण पद्धत ठरवली. त्याच्या चाचण्या लँकेस्टर–मोरकॅम–हेशम या जुन्या विजेच्या फाट्यावर झाल्या होत्या. वुडहेड नवा कोरा असतानाच जुना झाला. जोडायला शेजारी कुणी उरलं नाही. प्रवासी गाड्या जानेवारी १९७० मध्ये बंद, मालगाड्या जुलै १९८१ मध्ये. ईएम-२ वर्गाची सात प्रवासी इंजिनं, ग्रीक-रोमन पुराणकथांतली नावं धारण करणारी, त्याआधीच १९६९ मध्ये नेदरलँड्सला विकली होती. तिथे तोच १५०० व्होल्ट दाब होता, त्यामुळे त्यांतली सहा पुढे कित्येक वर्षं धावली.

वुडहेडवर बरीच पुस्तकं आहेत, आणि इथेच नव्या वाचकाला आपली नजर घासून घ्यायची संधी मिळते. हौशी लेखकांच्या पुस्तकांत ही बंदी म्हणजे अन्याय, कट, डोळ्यांदेखत झालेला खून. फोटो इतके सुरेख असतात की आपणही हळहळू लागतो. तेवढ्यावर थांबू नका. टी. आर. गोरविश यांचं ‘ब्रिटिश रेल्वेज १९४८–७३: अ बिझनेस हिस्टरी’ हे १९८६ चं पुस्तक मिळवा. रेल्वे मंडळाच्या कागदपत्रांवर आधारलेलं, जाडजूड, तक्त्यांनी भरलेलं. त्यात इंजिनाच्या रंगाबद्दल चकार शब्द नाही. आहे तो तोटा, गुंतवणूक आणि मंत्र्यांशी झालेली ओढाताण. हे कळल्यावर वुडहेडची गोष्ट वेगळी दिसते. ज्या कोळशासाठी मार्ग बांधला तो कमी झाला होता आणि न जुळणारी यंत्रसामग्री बदलण्याचा खर्च समोर उभा होता. तरी तो निर्णय शहाणपणाचा होता का, यावर मी अजून पूर्ण पटलेलो नाही. पण वाद आता भावनेचा राहत नाही.

कुठल्याही पुस्तकाची पारख करायला एक सोपी कसोटी देतो. ‘बीचिंग यांनी वुडहेड बंद केला’ असं वाक्य दिसलं तर ते पुस्तक जपून वाचा. रेल्वे मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या मार्च १९६३ च्या अहवालाने २,३६३ स्थानकं आणि सुमारे ५,००० मैल मार्ग बंद करायची शिफारस केली, म्हणून ब्रिटनमधल्या प्रत्येक उखडलेल्या रुळाचं खापर त्यांच्या माथी फुटतं. प्रत्यक्षात मँचेस्टर–शेफील्डमधल्या दोन मार्गांपैकी होप व्हॅलीची प्रवासी सेवा बंद करून वुडहेडची चालू ठेवावी, असं त्या अहवालाचं म्हणणं होतं. नंतर उलटं झालं. बीचिंग यांनी तर १९६५ मध्येच पद सोडलं होतं.

पुस्तकांच्या जाती ओळखा

फोटोंची पुस्तकं, म्हणजे अल्बम, सगळ्यात जास्त. एकेका मार्गावर स्थानकामागून स्थानक घेत जाणाऱ्या मालिका आहेत. त्यांत जुने नकाशे असतात, ते फार कामाचे. फोटोखालच्या ओळी मात्र इतिहास म्हणून उद्धृत करू नका, त्या बहुतेक आठवणीतून लिहिलेल्या असतात.

दुसरी जात खिशात मावणाऱ्या नंबरांच्या याद्यांची. १९४२ मध्ये सदर्नच्या वॉटर्लू कचेरीतले तरुण कारकून इयन ॲलन यांनी इंजिनांच्या नंबरांची पहिली पुस्तिका काढली आणि फलाटावर उभं राहून नंबर टिपणाऱ्या पोरांची पिढीच तयार झाली. वाचायला यात काहीच नाही. पण कुठल्या वर्षी किती गाड्या होत्या हे ताडून पाहायला उपयोगी.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी मला सर्वांत आवडतात. त्यांत बढाई असते, जुने हिशेब चुकते केलेले असतात, आणि कुठल्याही अहवालात न सापडणारं सत्यही असतं. एकाच निर्णयाबद्दल दोघांच्या आठवणी मिळाल्या तर दोन्ही वाचा.

‘पहिली’ हा शब्द कुठल्याही जातीच्या पुस्तकात दिसला की थांबा. पहिली विजेची गाडी कुठली? फोल्क यांची १८८३ ची? पण रॉबर्ट डेव्हिडसन यांनी बॅटरीवरचं इंजीन एडिंबरा–ग्लासगो मार्गावर १८४२ मध्येच चालवून पाहिलं होतं. खोल भुयारातली पहिली विजेची रेल्वे, सिटी अँड साउथ लंडन, ४ नोव्हेंबर १८९० ला सुरू झाली की १८ डिसेंबरला? ४ नोव्हेंबरला युवराजांच्या हस्ते उद्घाटन झालं, लोकांना तिकीट काढता आलं ते १८ डिसेंबरला. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की आधी हा फरक तपासा. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर निघतात.

पुस्तकं मिळवायची कशी

भारतात बसून मागवत असाल तर पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त होतो, हे धरूनच चाला. ही पुस्तकं गुळगुळीत जाड कागदावर छापलेली, म्हणून वजनदार असतात. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकदम मागवावीत किंवा तिकडे असलेल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर जमवून ठेवावीत. लंडनहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत दोन किलोची जागा आधीच सांगून ठेवली तर भांडण होत नाही. मागवण्याआधी आवृत्तीचं वर्ष विचारा आणि नकाशाची घडी सोबत आहे का तेही विचारा. जुन्या प्रतींतून नेमकी तीच गायब असते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची चैन आहे. हौशी मंडळींनी जपलेल्या वाफेच्या रेल्वेमार्गांच्या स्थानकांवर जुन्या पुस्तकांची दुकानं असतात. तिथे दोन-तीन पौंडांत चांगली प्रत मिळून जाते, आणि काउंटरवरचे आजोबा पुस्तकाविषयी दुकानदाराहून जास्त सांगतात. नॉर्थम्बरलँडमध्ये अॅनिकच्या बंद पडलेल्या स्थानकाच्या इमारतीतच बार्टर बुक्स हे जुन्या पुस्तकांचं प्रचंड दुकान आहे. त्या बाजूला गेलात तर अर्धा दिवस काढून ठेवा. आणि गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला विसरू नका. गोरविशसारखं महागडं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देण्याची सोय तिथे असते.

मूळ कागदांपर्यंत

दोन-तीन पुस्तकं एकमेकांशी भांडताना दिसली की मूळ कागद पाहावासा वाटतो. त्यासाठी विलायतेला जायला हवंच असं नाही. रेल्वेज आर्काइव्ह या संकेतस्थळावर बीचिंग अहवाल आणि अपघात चौकशीचे शेकडो सरकारी अहवाल फुकट वाचता येतात. होप व्हॅलीबद्दल मी वर जे लिहिलं, ते तिथे स्वतः पडताळून पाहा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने सर्वेक्षण नकाशे असे चढवले आहेत की आजच्या नकाशावर ठेवून उखडलेला मार्ग बोटाने गिरवता येतो. १८९७ पासून निघणाऱ्या ‘द रेल्वे मॅगझिन’चे सुरुवातीचे काही खंड इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात.

प्रत्यक्ष जाणं झालंच तर लंडनमध्ये क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. वाचकपत्र फुकट मिळतं, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. राष्ट्रीयीकरणाआधीच्या कंपन्यांचे कागद ‘रेल’ या मालिकेत, नंतरचे ‘एएन’ मध्ये आणि वाहतूक मंत्रालयाचे ‘एमटी’ मध्ये शोधायचे. सूची घरूनच पाहता येते, म्हणून हव्या असलेल्या फायलींचे क्रमांक आधी लिहून न्या. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही वाचनालय आहे, आणि वुडहेड वाचून झालं असेल तर तिथलं २६०२० क्रमांकाचं इंजीन चुकवू नका. १९५४ मध्ये नव्या बोगद्यातून उद्घाटनाची गाडी त्यानेच ओढली होती. जाण्याआधी ते त्या वेळी मांडलेलं आहे का, हे संग्रहालयाला विचारून घ्या; इंजिनं इकडून तिकडे हलवली जातात.